निळ्या डोक्याची वायर

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, रिक्षाचा आरसा असायचा. हँडलच्या बाजूला असतो तो, गोल, काळ्या दांडीचा. कुठल्याशा मोडीत निघालेल्या रिक्षाचा त्यांनी मागून घेतला होता. क्लासमधले कॉम्प्युटर भिंतीला टेकवून ठेवलेले. मागे हात जेमतेम जायचा, डोकं जायचंच नाही. मग बाई एका हातात आरसा धरायच्या, दुसऱ्या हातानं मागची वायर चाचपायच्या आणि तोंडानं शिव्या घालायच्या. त्या शिव्या वायरीला असायच्या. नव्या आलेल्या बायांना वाटायचं, आपल्यालाच. एकदोघी तर पहिल्या दिवशी डोळे पुसत घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

ती वायर म्हणजे सीपीयूपासून पडद्यापर्यंत जाणारी जुनी, जाड वायर. दोन्ही टोकांना निळं चपटं डोकं, त्यात केसाएवढ्या बारीक पिना, आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू. कंपनीची माणसं तिला व्हीजीए म्हणतात. बाई तिला निळी अवदसा म्हणायच्या.

घाटकोपरच्या डोंगरावर मंडळाची व्यायामशाळा होती आणि तिच्या मागच्या खोलीत बाईंचा मराठी टायपिंगचा क्लास. कॉम्प्युटर सगळे ऑफिसांनी टाकून दिलेले. एकावर बँकेचं स्टिकर, एकावर कुठल्या तरी हॉस्पिटलचं. भिंतीपलीकडं पोरं वजनं उचलायची आणि उचललेली वजनं आदळायची. धाडकन आवाज झाला की भिंत हलायची, भिंतीबरोबर टेबल हलायचं, आणि कुणाच्या तरी निळ्या डोक्यातली पिन सुटायची. मग तिच्या पडद्याचा रंगच बदलायचा.

"बाई, माझा गुलाबी झाला."

"हिरवा गेला म्हणजे. वायर दाब."

"बाई, मला सगळं पिवळं दिसतंय."

"कावीळ झाली असेल. स्क्रू लावलेस काय दोन्ही?"

दोन्ही स्क्रू हा त्यांचा कायदा होता. आल्यावर आधी टेबलामागं हात घालायचा, दोन्ही स्क्रू बोटांनी आवळायचे, मगच खुर्चीवर बसायचं. एकच आवळून बसलेली बाई त्यांना पाठीमागून कळायची, कशी ते देवाला ठाऊक. "ऊठ गो. एका स्क्रूवर काय टिकत नाय. माझं लग्न एका स्क्रूवर होतं." ह्यावर कुणी हसलं तर त्या हसू द्यायच्या. पुढं मात्र कुणी काही विचारलं नाही.

एकदा पलीकडच्या एका पैलवानानं असं काही वजन टाकलं की अर्ध्या क्लासचे पडदे काळे झाले. बाई तशाच चपला न घालता व्यायामशाळेत गेल्या आणि त्या गड्याला दंडाला धरून घेऊन आल्या. त्याचा दंड बाईंच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. त्याला टेबलाखाली बसवलं, निळं डोकं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धर. माझा क्लास सुटेपर्यंत धर. वजन हलकं आहे ना? धर." तो बिचारा घामेजलेल्या अंगानं मांडी घालून वायर धरून बसला. मी त्याच टेबलावर टाइप करत होते. मध्येच खालून दबका आवाज आला, "ताई, बरोबर दिसतंय का?" त्या दिवसानंतर वजनं जरा बेतानं पडायला लागली.

बाईंना कुणाची नावं लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायची नसतील. त्या गावावरून हाका मारायच्या. मी हिंगोली. माझ्या शेजारी बसायची ती खटाव. तिकडं कोपऱ्यात राजापूर. मी नववीत शाळा सोडली होती, कारण वरच्या वर्गाची शाळा दुसऱ्या गावात होती आणि अर्ध्या वर्षानंतर मला तिथं पाठवायला घरचे तयार नव्हते. मावशीकडं घाटकोपरला आले. भाडेकरार करून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा करायचे. तिथली टायपिस्ट लग्न होऊन जाणार होती. साहेब म्हणाले, "मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आण, ही खुर्ची तुझी. नाहीतर मला बाहेरची बघावी लागेल." त्या खुर्चीकडं बघत मी फरशी पुसायचे. मला रात्रंदिवस एकच धास्ती, आपलं जमणार नाही, आणि मग आपण परत हिंगोलीला.

बाईंना हे पहिल्या दिवशीच सांगितलं. म्हटलं, मी नववी नापास पण नाही, नववी अर्धीच केली.

"मग?" बाई म्हणाल्या. "कीबोर्डाला कळतं होय ते?"

शाळेचा दाखला न मागणारी परीक्षा त्यांनीच शोधून काढली होती. मावशी पाठवायला तयार नव्हती तेव्हा बाई तिच्या घरी जाऊन बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि ती हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्या डब्यातली सुकट मी पहिल्यांदा खाल्ली तीही त्यांच्या धाकानंच. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी मोजत बसत नाही. पण त्या गोड बोलल्या असं मात्र मला एकदाही आठवत नाही.

असो. मला सांगायचंय ते पवईचं.

पवईच्या एका कंपनीतून एक तरुण साहेब आला. गोरागोमटा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, बोलणं अगदी मऊ. त्याच्या कंपनीनं वस्त्यांमधल्या क्लासना नवे मॉनिटर द्यायचं ठरवलं होतं. जुने पडदे त्यांचीच गाडी घेऊन जाणार, नियमाप्रमाणे मोडीत काढणार. तो म्हणाला, "मॅम, व्हीजीए आता फेज आउट होतंय. सगळीकडेच."

बाईंनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. "म्हणजे ही निळी जाणार? कायमची?"

"कायमची, मॅम."

बाईंचा चेहरा इतका उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्या मालवणीतच शिरल्या. "गेला गो! अवदशेचा मढा निघाला एकदाचा!"

ठरलेल्या दिवशी बॅनर लागला, नव्या मॉनिटरचे पांढरे खोके आले, जुने पडदे टेम्पोत चढले. वायरी तेवढ्या राहिल्या. साहेब म्हणाला, वायरी आम्ही नेत नाही, त्यांचं तुम्हीच बघा. बाईंनी बघितलं. गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा कापायची कात्री आणली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि आम्हाला ओळीत उभं केलं. ज्या वायरीनं जिला छळलं ती वायर तिनं स्वतःच्या हातानं कापायची. खटावनं कापली, राजापूरनं कापली. मी दोन्ही हातांनी दाबून कापली. आत रंगीत तारांचा गुच्छ होता. आम्ही ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो. साहेब मोबाइलवर शूटिंग करत होता आणि म्हणत होता, "वाव मॅम, किती ऑथेंटिक!"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस नवे मॉनिटर जोडायला आला. खोका उघडला, मॉनिटर टेबलावर ठेवला, सीपीयूच्या मागं वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"मॅडम, इसमें तो लगेगाच नहीं."

नव्या मॉनिटरला एकच भोक, नव्या वायरीचं. आमच्या जुन्या सीपीयूला मागं एकच भोक, निळं. ही वायर त्यात जात नव्हती आणि त्यात जाणारी वायर आम्ही नारळ फोडून कापली होती. तशी ती असती तरी उपयोग नव्हता म्हणा. तिच्या दुसऱ्या टोकाला लावायला निळ्या भोकाचा पडदा तरी कुठं होता? पलीकडं कुणीतरी मोजत मारत असलेल्या बैठका तेवढ्या ऐकू येत होत्या. परीक्षा महिन्यावर आली होती.

बाईंनी फोन केला. मग अजून एक केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅम, सीपीयू आमच्या स्कोपमध्ये येत नाही. तुम्ही ते अपग्रेड करून घ्या ना." अपग्रेड करून घ्या! जसं काही आम्ही भाजी आणायला निघालो होतो, येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन या. स्टेशनजवळून बाईंनी निळ्यातून नवीन करणारे दोन जोड आणले, कन्व्हर्टर म्हणतात ते. एक तापून वास सुटला. दुसऱ्यानं पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं चित्र दाखवलं आणि तेही फडफडत. बाईंनी तो भिंतीवर मारला.

मग त्या, मी आणि खटाव, तिघी पवईला गेलो. बसमध्ये बाईंनी नवा मॉनिटर खोक्यासकट मांडीवर घेतला होता, कुणाला हात लावू दिला नाही. तळ्याजवळ त्यांची काचेची इमारत. आत इतका गारवा की खटावनं पदर गच्च लपेटून घेतला. दारावरच्या वॉचमननं आमची नावं कॉम्प्युटरवर घातली. बाई बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पर्समधून आरसा काढला, काउंटरवरून हात लांब केला आणि त्या वॉचमनच्या पडद्यामागं बघितलं.

"निळी," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला भीती वाटली.

साहेब खाली आला. आम्हाला वर नेलं नाही, तिथंच सोफ्यावर बसवलं, पाणी मागवलं.

"मॅम, तुम्ही यायची गरज नव्हती. मेल केला असता तरी चाललं असतं."

"मेल कशावर करू? पडदा कुठाय माझ्याकडे?"

"आय अंडरस्टँड, मॅम. पण बघा, जुनं स्टँडर्ड कधीतरी बंद व्हायलाच हवं. पार्ट्स मिळत नाहीत, वीज जास्त जाते, डोळ्यांना त्रास होतो. आम्ही तुमच्या भल्यासाठीच..."

"व्हायलाच हवं!" बाई उभ्याच राहिल्या. "तुला काय वाटलं, मी तिची आरती करायला आलेय? तुझ्यापेक्षा जास्त शिव्या मी दिल्यात तिला. ह्या पोरींचे डोळे खाल्लेत तिनं. पण बाळा, वायरीला दोन टोकं असतात. एक टोक बघून गेलास. दुसरं बघायला वाकला होतास?"

"चेकलिस्टमध्ये फक्त डिस्प्ले होते, मॅम."

"आणि हे?" बाईंनी वॉचमनकडं बोट दाखवलं. "हे कधी फेज आउट होणार?"

वॉचमन दचकला. "ये तो चल रहा है ना मॅडम. इसको क्या हुआ?"

साहेबाचा चेहरा लाल झाला. "ते... त्याचं बजेट पुढच्या वर्षी आहे."

"अस्सं. तुमचं बजेट बघून जाणार आणि आमचं न बघता गेलं. माझे जुने पडदे परत दे."

"ते रिसायकलिंगला गेले, मॅम. तसं सर्टिफिकेटही आलंय आम्हाला."

"तुम्हाला आलं," बाई म्हणाल्या. "ह्या दोघींना कधी येणार?"

साहेबानं मोबाइल काढला. कन्व्हर्टरसाठी रिक्वेस्ट टाकतो म्हणाला, अप्रूव्हलला वेळ लागेल म्हणाला, आणि खरंच मनापासून सॉरी म्हणाला. मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो, तो ह्याचाच. तो वाईट असता तर बरं झालं असतं. तो आम्हाला पाणी देत होता, मॅम म्हणत होता, आणि त्याचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. नवे पडदे खरंच चांगले असतात, आज मी त्यांच्यावरच काम करते, संध्याकाळी डोकं दुखत नाही. जुनं गेलंच पाहिजे. पण दर वेळी ते आमच्या खोलीतून आधी का जातं? आणि न विचारता का जातं? फुकट मिळालं की प्रश्न विचारायचे नसतात, असं कुणी ठरवलं?

 परत येऊन बाई डोंगर चढल्या त्या थेट मंडळाच्या ऑफिसात शिरल्या आणि तिथल्या सीसीटीव्हीचा पडदा निळ्या वायरीसकट उचलून घेऊन आल्या. अध्यक्ष मागं धावत आले. "अहो बाई, चोर आला तर दिसणार कसा?"

"तुमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे? डंबेल? नेऊ देत, माझी भिंत तरी वाचेल."

तो एकच पडदा आणि आम्ही डझनभर बाया. बाईंनी त्यावर जो उपाय काढला तो त्यांनाच सुचावा. आम्ही पडद्याविना टाइप करायचं. त्या उतारा वाचायच्या, आम्ही समोरच्या कोऱ्या भिंतीकडं बघत बोटं चालवायची. उतारा संपला की बाई तो पडदा कडेवर पोर घेतल्यासारखा घेऊन एकेकीकडं यायच्या, वायर खुपसायच्या, चुका दाखवायच्या, वायर उपसायच्या, पुढच्या टेबलावर. खटाव सवयीनं स्क्रू आवळायला गेली तर ओरडल्या, "राहू दे ते! वेळ कुठाय?" तेव्हा मला कळलं, बाई घाबरल्यात. त्याआधी मला माहीत नव्हतं की त्यांना घाबरता येतं.

पहिल्या पहिल्यांदा माझ्या उताऱ्यात एक शब्द धड निघायचा नाही. काना कुठं, वेलांटी कुठं. मग हळूहळू बोटांना कळायला लागलं. खटाव तर आमच्यात सगळ्यात वेगवान झाली. भिंतीकडं बघत तिची बोटं पाऊस पडावा तशी पडायची. तिच्या नवऱ्यानं तिला सांगून ठेवलं होतं, ही एक परीक्षा, मग मसाला पॅकिंगला जायचं.

परीक्षेचं केंद्र मुलुंडला. आत रांगेनं नवे पडदे, लख्ख, वायर दिसतसुद्धा नव्हती. मी इतकी भेदरले होते की कागदावरची नजर वर उचललीच नाही, शेवटची घंटा होईपर्यंत. त्या भित्रेपणानंच मी पास झाले. खटावनं वर पाहिलं. इतक्या दिवसांनी बोटाखालून अक्षर उमटताना दिसलं, तेही इतकं स्वच्छ, आणि ती बघतच राहिली. एक चूक दिसली, ती खोडली. मग दुसरी दिसली, तीही खोडली. ती बाहेर आली. "उतारा अर्धाच झाला गं," एवढंच म्हणाली. "समोर दिसत होतं ना सगळं."

बाई गेटवर उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. रस्त्यावरच्या एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीला इतक्या जोरात लाथ मारली की चप्पल निसटून पलीकडच्या फुटपाथवर गेली. राजापूरनं ती आणून दिली. कुणी हसलं नाही.

निकालानंतर कन्व्हर्टर आले. एवढ्याशा वस्तू, केवढ्या मोठ्या खोक्यात. आणि काही दिवसांनी साहेब आला, बरोबर कॅमेरावाला. क्लासची यशोगाथा करायची होती. पास झालेल्या बायांनी सर्टिफिकेट हातात धरून नव्या मॉनिटरसमोर उभं राहायचं आणि कंपनीचे आभार मानायचे. व्हिडिओ चांगला झाला तर पुढच्या टप्प्यात नवे सीपीयू.

"सगळ्या पास झाल्या ना, मॅम?"

"एक नाही."

"ओके. मग त्यांना नको घ्यायला."

खटाव दाराशीच उभी होती. तिनं ऐकलं आणि ती चपला घालून निघून गेली.

बोलायला पहिला नंबर माझा होता. कॅमेरासमोर उभी राहिले आणि तोंडच उघडेना. माझ्यासारख्या बाईचं. मी ऑफिसातल्या साहेबांचे आभार मानते, मावशीचे मानते, बसमध्ये सरकून जागा देणाऱ्याचेही मानते. परक्या गावात तसंच राहावं लागतं. पण त्या दिवशी मी सर्टिफिकेट खाली केलं. मी म्हटलं, "मी नाही बोलणार."

बाई मला हाताला धरून व्यायामशाळेत घेऊन गेल्या. वजनांमध्ये उभं केलं.

"राग आलाय?"

"हो."

"येऊ दे. माझ्याकडे पण आहे, संपायचा नाही. पण खटावला परत बसवायचीय मला परीक्षेला. हे सीपीयू आता कन्व्हर्टर लावून पण दम टाकतात. नवे पाहिजेत."

"तिचा नवरा नाही पाठवणार."

"नवऱ्याचं मी बघते. तू आभार मान."

"आणि तुम्ही? तुम्ही मानाल?"

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "माझं तोंड नीट नाय गो. कॅमेरा फुटेल. तुझं चांगलं आहे."

मी परत गेले. सर्टिफिकेट छातीशी धरलं आणि आभार मानले. सगळे शब्द नीट म्हटले, कंपनीचं नाव घेतलं, साहेबाचं घेतलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला नाही. म्हणाला, "छान झालं ताई. आता एकदा थोडं हसून?"

माझ्याआधी बाईच बोलल्या.

"आभार मानलेत तिनं. हसायचं ठरलं नव्हतं."